लेडीज स्लिपर ऑर्किड : ओळख, लागवड आणि निगा

कोकणात आणि पुणे परिसरात शेडनेटमध्ये डेंड्रोबियम ऑर्किडची लागवड करणारे शेतकरी आता आपल्याला नवीन राहिलेले नाहीत. फुलशेतीत थोडा जम बसला की यातील काहीजण पुढचा प्रश्न विचारतात : “ती चपलेच्या आकाराची, महाग विकली जाणारी ऑर्किड आपल्याकडे होईल का?” प्रदर्शनात एखादे फुललेले झाड पाहून किंवा एखाद्या विक्रेत्याने दिलेल्या माहितीवरून हा प्रश्न येतो. प्रश्न रास्त आहे. परंतु या झाडाचा स्वभाव डेंड्रोबियमपेक्षा अगदी वेगळा आहे. शिवाय त्याला कायद्याचे संरक्षण आहे. या दोन्ही गोष्टी समजून न घेता पैसे गुंतवले तर झाडही जाते आणि पैसाही जातो. म्हणून या लेखात झाडाची ओळख, जातींची निवड, निगा आणि खरेदी करताना घ्यावयाची काळजी यांची माहिती दिली आहे.

झाडाची ओळख

लेडीज स्लिपर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उष्ण व उपोष्ण प्रदेशातील या ऑर्किडचे शास्त्रीय नाव पॅफिओपेडिलम असे आहे. दक्षिण भारत, हिमालयाचा पूर्व भाग, दक्षिण चीन, थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपाईन्स ते पार सॉलोमन बेटांपर्यंत याच्या जाती जंगलात आढळतात. आपल्या देशात यातील बहुतेक जाती ईशान्येकडील राज्यांत आहेत. मेघालयातील खासी टेकड्यांमधील इन्सिग्ने, तसेच त्या भागातील व्हेनस्टम, फेअरिएनम, स्पायसेरिएनम, हिर्सुटिसिमम आणि व्हिलोसम या जाती जगभरच्या संकरांत वापरल्या गेल्या आहेत.

महाराष्ट्राच्या जंगलात लेडीज स्लिपर ऑर्किड आढळत नाही. आपल्या सह्याद्रीच्या रांगेतील एकमेव जात ड्रुरी ही असून ती थेट दक्षिण टोकाला, केरळ-तामिळनाडूच्या सीमेवरील अगस्त्यमलाईच्या डोंगरात सापडते. तिची माहिती पुढे दिली आहे.

या फुलाची खालची पाकळी पिशवीसारखी फुगीर असते, आणि बाजूने पाहिल्यास ती मोजडीच्या टोकासारखी दिसते. ही पिशवी शोभेसाठी नसून तो कीटकांसाठी लावलेला सापळा आहे. माशी फुलाच्या मध्यभागी असलेल्या चकचकीत भागावर बसण्याचा प्रयत्न करते व घसरून पिशवीत पडते. पिशवीच्या आतील बाजू गुळगुळीत असल्याने तिला आल्या वाटेने वर चढता येत नाही. मागच्या बाजूला केसांची एक पायवाट असते. त्या वाटेने बाहेर पडताना माशीला आधी स्त्रीकेसराखालून व नंतर परागकोशाला घासून जावे लागते, आणि परागीभवन होते. माशीला मात्र मध वगैरे काहीच मिळत नाही. उत्पादकाने यातून लक्षात घेण्याची गोष्ट म्हणजे परागीभवन झालेले फूल लवकर मलूल होते. म्हणून फुलोऱ्याच्या काळात जाळीगृहात माश्या शिरणार नाहीत असे पाहावे.

डेंड्रोबियमपेक्षा वेगळेपण

डेंड्रोबियमची जाड कांडी ही त्याची पाण्याची व अन्नाची साठवण असते. त्यामुळे चार दिवस पाणी चुकले तरी ते झाड तग धरते. लेडीज स्लिपरला असा साठवणीचा अवयव नसतो. जमिनीलगत पानांचा एक पंखा व खाली थोडी जाडसर, तपकिरी, लवदार मुळे एवढाच त्याचा पसारा असतो. बहुतेक जाती जंगलातील पालापाचोळ्यात किंवा खडकांच्या कपारीत साचलेल्या कुजलेल्या पाल्यात वाढतात. तेथे मुळांशी ओलावा सतत असतो आणि पाणी मात्र कधीच साचत नाही. या एका गोष्टीवर पुढची सारी निगा अवलंबून आहे.

दुसरा फरक फुटव्यांचा आहे. लेडीज स्लिपरच्या प्रत्येक फुटव्याला आयुष्यात एकदाच फुलाचा दांडा येतो. फूल आल्यानंतर तो फुटवा पुन्हा फुलत नाही. त्याच्या बुडातून नवा फुटवा निघतो आणि तो पूर्ण वाढल्यावर त्याला फूल येते. बहुतेक जातींमध्ये एका दांड्यावर एकच फूल असते. नवा फुटवा तयार होण्यास साधारण एक ते दीड वर्ष लागते. म्हणजे एका फुटव्याच्या रोपापासून दरवर्षी फुलाची अपेक्षा करता येत नाही. चार-पाच फुटव्यांचे भरलेले झुडूप असेल तरच फुलांची खात्री असते.

तिसरा आणि पैशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा फरक अभिवृद्धीचा आहे. डेंड्रोबियमची हुबेहूब रोपे ऊतिसंवर्धनाने लाखोंनी करता येतात. लेडीज स्लिपरच्या बाबतीत हे तंत्र व्यापारी प्रमाणावर अद्याप सहजसाध्य झालेले नाही. कोंब पानांच्या बेचक्यात खोल दडलेला असल्याने तो निर्जंतुक करणे अवघड जाते आणि त्यापासून रोपे होण्याचे प्रमाणही कमी असते. त्यामुळे बाजारातील रोपे दोनच मार्गांनी तयार होतात : प्रयोगशाळेत बाटलीत रुजवलेल्या बियांपासून किंवा जुन्या झाडाची विभागणी करून. बियांपासूनची रोपे आपापसांत सारखी नसतात आणि बाटलीतून काढल्यापासून फुलावर येण्यास त्यांना साधारण तीन ते पाच वर्षे लागतात.

विभागणीचा हिशेबही करून पाहावा. समजा आपल्याकडे १०० निरोगी झुडपे आहेत आणि प्रत्येकाची दर दोन वर्षांनी दोन झाडे होतात. एकही झाड दगावले नाही असे धरले तरी २०० व्हायला दोन वर्षे, ४०० व्हायला चार वर्षे आणि ८०० व्हायला सहा वर्षे लागतील. ‘वर्षभरात दुप्पट रोपे परत घेऊ’ अशी हमी कोणी देत असेल तर त्याच्यापुढे हा हिशेब ठेवावा.

जातींची निवड

आपल्या भागाचे तापमान पाहूनच जात निवडावी. सोयीसाठी या ऑर्किडचे तीन गट पाडता येतात.

१) ठिपकेदार पानांचा, उबदार हवामानाचा गट : या जातींच्या पानांवर गडद व फिक्या हिरव्या रंगाची नक्षी असते. थायलंड व आसपासच्या देशांतील कॅलोसम, सुखाकुली, मलेशियातील बार्बेटम आणि बोर्निओतील लॉरेन्सिएनम या जाती यात येतात. कॅलोसम व लॉरेन्सिएनम यांच्या संकरातून १९०० साली नोंदवलेला मॉडी हा संकर आणि त्याचे पुढचे वंशज नवशिक्यांसाठी सर्वांत सोपे समजले जातात. यांना दिवसा २४ ते ३० अंश व रात्री १६ ते २० अंश सेल्सिअस तापमान मानवते. महाराष्ट्रात सुरुवात करावयाची तर याच गटापासून करावी. या गटासारखीच नक्षीदार पाने व्हेनस्टमलाही असतात, परंतु ती डोंगराळ भागातील जात असून तिला गारवा लागतो, हे ध्यानात ठेवावे.

२) एकरंगी हिरव्या पानांचा, थंड हवामानाचा गट : इन्सिग्ने, व्हिलोसम, फेअरिएनम या जाती यात मोडतात. यांना हिवाळ्याच्या तोंडी रात्रीचे तापमान १० ते १३ अंशांपर्यंत उतरावे लागते, तरच कळी धरते. कोकण किनारपट्टीवर पाने हिरवीगार राहतात, पण फूल येत नाही, त्याचे कारण हेच. महाबळेश्वर-पाचगणीसारख्या थंड हवेच्या ठिकाणी इन्सिग्नेचा विचार करता येईल.

३) चुनखडीच्या खडकांवर वाढणारा गट : निव्हियम, कॉन्कलर, बेलाट्युलम या ठेंगण्या, गोलसर फुलांच्या जाती यात येतात. यांना उष्णता चालते, परंतु पाणी जास्त झाले की बुडातून कुजतात. अनुभव आल्यावरच या जाती हाती घ्याव्यात.

विदर्भ-मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो व हवा कोरडी असते. तेथे साध्या शेडनेटमध्ये हे झाड जगवणे अवघड आहे. पंखा व पॅड बसवलेल्या हरितगृहात ते शक्य असले, तरी विजेचा खर्च आणि झाडाची संथ वाढ पाहता ते परवडेलच असे नाही.

सावली व जागा

या ऑर्किडला फार कमी प्रकाश लागतो. ठिपकेदार पानांच्या गटाला १० ते १५ हजार लक्स प्रकाश पुरतो. आपल्याकडे उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावर सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो. ७५ टक्के सावलीची जाळी लावली तरी आत २५ हजार लक्स येतो, म्हणजे गरजेच्या जवळजवळ दुप्पट. त्याच्याखाली ५० टक्क्यांची दुसरी जाळी लावल्यास प्रकाश साडेबारा हजारांवर येतो. म्हणून मार्च ते मे या काळात दुहेरी जाळी लावावी व पावसाळी ढगाळ हवेत आतली जाळी सरकवून घ्यावी. त्यासाठी आतली जाळी तारेवर सरकती ठेवावी.

लक्समापक नसला तरी पानांवरून अंदाज येतो. पाने पिवळट व आखूड झाली तर प्रकाश जास्त आहे. पाने गर्द हिरवी, लांब व लोंबती झाली आणि फूल येत नसेल तर प्रकाश कमी आहे.

कुंड्या जमिनीवर न ठेवता ७५ ते ९० सेंटिमीटर उंचीच्या मांडवावर ठेवाव्यात. त्यामुळे खालून हवा खेळते व गोगलगायींचा उपद्रव कमी होतो. मांडवाखाली वाळूचा किंवा खडीचा थर पसरून तो ओला ठेवल्यास हवेत ५० ते ७० टक्के आर्द्रता राखण्यास मदत होते. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेच्या बाजूला ओली गोणपाटे लावावीत. पावसाळ्यात मात्र जाळीच्या वर पॉलिथिनचे छत हवेच. सलग पावसाचे पाणी पानांच्या बेचक्यात साचून राहिले तर झाड काही दिवसांतच कुजते.

वाढीचे माध्यम

लेडीज स्लिपर मातीत लावू नये. माती, शेणखत किंवा नुसते कोकोपीट वापरल्यास मुळांना हवा मिळत नाही. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या वस्तूंपासून पुढीलप्रमाणे मिश्रण करावे :

• नारळाच्या सोडणाचे ८ ते १२ मिलिमीटरचे तुकडे : ४ भाग
• लाकडी कोळशाचे तेवढ्याच आकाराचे तुकडे : २ भाग
• परलाईट किंवा विटांचे बारीक तुकडे : १ भाग

सोडणाच्या तुकड्यांत क्षार असतात. ते २४ तास पाण्यात भिजत घालून पाणी फेकून द्यावे व असे तीन वेळा करावे. कोळसा व विटांचे तुकडे चाळून, धुवून भुकटी काढून टाकावी. तिसऱ्या गटातील, म्हणजे चुनखडीवरील जातींसाठी कुंडीच्या वरच्या थरात मूठभर शिंपल्यांचा चुरा मिसळावा. समुद्रकिनाऱ्यावरून आणलेले शिंपले गोड्या पाण्यात भिजवून त्यांचे मीठ पूर्ण काढलेले असावे.

कुंडी मुळांना जेमतेम पुरेल एवढीच घ्यावी. दोन-तीन फुटव्यांच्या झाडाला १० ते १२ सेंटिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची कुंडी पुरते. मोठ्या कुंडीत मधला भाग ओलाच राहतो आणि मुळे कुजतात.

कुंडी बदलणे व विभागणी

सोडणाचे तुकडे कुजून बारीक झाले की हवा कोंडते. म्हणून दर वर्षी, निदान दीड-दोन वर्षांनी, माध्यम बदलणे आवश्यक आहे. फुलोरा संपल्यावर फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा हा आपल्याकडे योग्य काळ होय. त्यामुळे कडक उन्हाळ्यापूर्वी नवी मुळे धरतात.

झाड कुंडीतून काढून जुने माध्यम हलक्या हाताने झाडावे. या झाडाला मुळे थोडी असतात व ती मोडल्यास त्याच ठिकाणी सहज फुटत नाहीत, म्हणून ओढाताण करू नये. कुजलेली, पोकळ मुळे कापावीत. लवदार, टणक मुळे तपकिरी असली तरी निरोगी असतात, ती ठेवावीत. लावताना बुडाचा भाग माध्यमात १ ते दीड सेंटिमीटर खोल जाईल असे पाहावे. बूड उघडे राहिल्यास नव्या फुटव्याची मुळे हवेतच सुकतात. झाड हलत असल्यास काडीचा आधार द्यावा.

विभागणी करताना प्रत्येक भागात किमान तीन फुटवे असावेत. एक-एक फुटवा वेगळा केल्यास झाडांची संख्या वाढते, पण फूल दोन-तीन वर्षे लांबते आणि मरही वाढते. प्रत्येक झाडानंतर कात्रीचे पाते ज्योतीवर तापवून घ्यावे, म्हणजे एका झाडाचा विषाणू दुसऱ्याला लागत नाही.

पाणी व्यवस्थापन

माध्यम ओले असावे, चिंब नसावे आणि कधीही पूर्ण कोरडे पडू नये. कुंडी हातात उचलून वजनावरून अंदाज घेण्याची सवय करावी. सर्वसाधारणपणे उन्हाळ्यात एक दिवसाआड, हिवाळ्यात तीन-चार दिवसांनी व पावसाळ्यात चार ते सहा दिवसांनी पाणी लागते. पाणी सकाळीच द्यावे. झारीने बुडाशी द्यावे, पानांच्या बेचक्यात ओतू नये. सायंकाळपर्यंत पाने कोरडी झालीच पाहिजेत.

पाण्याची प्रत हा आपल्याकडचा खरा अडसर आहे. अनेक गावांतील विहिरी व कूपनलिकांचे पाणी क्षारयुक्त असते. ऊस किंवा ज्वारीला चालणारे पाणी या झाडाला चालत नाही. त्याच्या पानांची टोके तपकिरी होऊन वाळू लागतात व मुळांची टोके काळी पडतात. पाण्याची विद्युतवाहकता ०.५ डेसीसायमन्स प्रति मीटरपेक्षा कमी व सामू ५.५ ते ६.५ च्या दरम्यान असावा. लागवडीपूर्वी पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घ्यावा.

सर्वांत चांगले पाणी पावसाचे होय, आणि ते साठवणे वाटते तेवढे अवघड नाही. ५० कुंड्यांना एका वेळी प्रत्येकी २०० मिलिलिटर, म्हणजे एकूण १० लिटर पाणी लागते. ऑक्टोबर अखेरपासून जूनच्या सुरुवातीपर्यंत सुमारे २२० दिवस धरले व सर्व काळ एक दिवसाआड पाणी दिले तरी ११० वेळा १० लिटर, म्हणजे ११०० लिटर पाणी पुरते. दीड हजार लिटरची एक झाकलेली टाकी पुरेशी आहे. १० चौरस मीटर पत्र्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला की १००० लिटर पाणी मिळते, त्यातील थोडे वाया गेले तरी दोन-तीन चांगल्या पावसांत टाकी भरते. पहिल्या पावसाचे धुळीचे पाणी तेवढे सोडून द्यावे.

खत व्यवस्थापन

हे झाड कमी खाणारे आहे. भाजीपाल्याच्या हिशेबाने खत दिल्यास मुळे जळतात. १९:१९:१९ हे विद्राव्य खत प्रति लिटर पाण्यात पाव ते अर्धा ग्रॅम या प्रमाणात दर पंधरा दिवसांनी द्यावे. माध्यम कोरडे असताना खत देऊ नये, आधी साधे पाणी देऊन मग खताचे पाणी द्यावे. महिन्यातून एकदा कुंडीत भरपूर साधे पाणी सोडून साचलेले क्षार धुऊन काढावेत. संपूर्ण पावसाच्या पाण्यावर वाढणाऱ्या झाडांना कॅल्शियम व मॅग्नेशियम कमी पडू शकते. त्यासाठी वर्षातून एकदा कुंडीच्या पृष्ठभागावर चिमूटभर डोलोमाईट भुकटी टाकावी.

रोग व किडी

तपकिरी कूज : हा जिवाणूजन्य रोग या ऑर्किडचा सर्वांत मोठा शत्रू आहे. पानावर पाणी लागल्यासारखा लहान ठिपका दिसतो, तो तपकिरी होऊन बेचक्याकडे झपाट्याने सरकतो. बेचक्यापर्यंत पोहोचला की तो फुटवा वाचत नाही. ठिपका दिसताच निरोगी भागासह पान निर्जंतुक पात्याने कापून जाळून टाकावे, झाड वेगळे ठेवावे व दोन-तीन दिवस पाणी तोडावे. ताम्रयुक्त बुरशीनाशकाचा कापलेल्या जागेवर लेप देता येतो. परंतु ताम्राने कोवळ्या पानांना इजा होऊ शकते, म्हणून सर्व झाडांवर फवारण्यापूर्वी एका झाडावर वापरून पाहावे. हवा खेळती ठेवणे व बेचक्यात पाणी न साचू देणे हाच यावरील खरा उपाय होय.

मूळकूज : पाणी जास्त झाल्याने किंवा माध्यम जुने झाल्याने मुळे कुजतात. वरची पाने सैल पडून सुरकुततात. झाड तहानलेले आहे असे समजून आणखी पाणी दिले जाते आणि नुकसान वाढते. पाने सुरकुतलेली व माध्यम ओले असे दोन्ही एकत्र दिसले तर झाड कुंडीतून काढून मुळे तपासावीत.

पिठ्या ढेकूण व खवले कीड : पानांच्या बेचक्यात व मागील बाजूस पांढरा कापूस किंवा तपकिरी खवले दिसतात. थोडी झाडे असल्यास स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने पुसून घ्यावे व दहा दिवसांनी पुन्हा तपासावे. प्रादुर्भाव जास्त असल्यास निंबोळी अर्काची फवारणी सायंकाळी न करता सकाळी करावी, म्हणजे पाने वेळेत सुकतात.

गोगलगायी : पावसाळ्यात कळ्या व मुळांची टोके खातात. रात्री बॅटरी घेऊन हाताने वेचाव्यात व मांडवाचे पाय स्वच्छ ठेवावेत.

फुलोरा व विक्री

ठिपकेदार पानांच्या संकरांत योग्य निगा असल्यास वर्षातून दोनदाही फुले येतात. कळी दिसू लागल्यावर कुंडीची दिशा बदलू नये, नाही तर दांडा वाकडा वाढतो. झाडावरील फूल सहा ते दहा आठवडे टिकते. म्हणून फुले तोडून विकण्यापेक्षा फुललेली कुंडी विकणे अधिक फायद्याचे ठरते. मात्र विक्री करण्यापूर्वी पुढील भाग लक्षपूर्वक वाचावा.

कायदा व खरेदीतील काळजी

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यामध्ये १९९१ साली दुरुस्ती होऊन काही वनस्पतींना खास संरक्षण देण्यात आले. लेडीज स्लिपर ऑर्किडचा संपूर्ण वंश त्यात समाविष्ट आहे. २०२२ च्या दुरुस्तीने परिशिष्टांची फेरमांडणी झाली, परंतु संरक्षण कायम आहे. ही झाडे जंगलातून उपटणे, बाळगणे किंवा विकणे हा गुन्हा असून तुरुंगवास व दंडाची तरतूद आहे. एवढेच नव्हे, तर या झाडांची लागवड व व्यापार करण्यासाठीही परवाना लागतो. हा परवाना राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक किंवा शासनाने नेमलेले अधिकारी देतात. म्हणून एक रुपयाही गुंतवण्यापूर्वी आपल्या विभागातील वन कार्यालयात लेखी चौकशी करावी. आंतरराष्ट्रीय व्यापारातही या वंशाला साईट्स कराराच्या पहिल्या परिशिष्टात स्थान आहे. जंगलातून काढलेल्या झाडांचा व्यापार त्याखाली बंद आहे. परदेशातून रोपे मागवायची असल्यास साईट्सची कागदपत्रे व वनस्पती संगरोधाची पूर्तता आवश्यक आहे.

हा कायदा का झाला हे ड्रुरी या जातीच्या हकिकतीवरून कळते. पिवळ्या पाकळ्यांवर मधोमध तपकिरी रेघ असलेले हे फूल एकोणिसाव्या शतकात अगस्त्यमलाईच्या डोंगरात कर्नल ड्रुरी यांना सापडले व १८७४ मध्ये बेडोम यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. एकाच डोंगररांगेत वाढणारी ही जात संग्राहकांनी पोत्यांनी उपटून नेली. शेवटी ती जंगलातून नाहीशी झाली असेच मानले जाऊ लागले. तिरुवनंतपुरमजवळ पालोड येथील जवाहरलाल नेहरू उष्णकटिबंधीय वनस्पती उद्यान व संशोधन संस्थेने प्रयोगशाळेत तिची रोपे तयार करून ती पुन्हा डोंगरात लावण्याचे काम केले. आजही ही जात अत्यंत धोक्यात असलेल्या वनस्पतींमध्ये गणली जाते. सह्याद्रीतील ही एकुलती एक लेडीज स्लिपर आहे. ती गमावली तर दुसरी नाही.

जंगलातील झाड विकत घेणे शेतकऱ्याच्या दृष्टीनेही तोट्याचे आहे. उपटलेल्या झाडाची पाने जाड असल्याने मुळे मेली तरी ते दोन-तीन महिने हिरवे दिसते. विक्रेता निघून जातो आणि झाड कुंडीत हळूहळू सुकते. म्हणून खरेदी करताना पुढील गोष्टी पाहाव्यात :

• झाड कुंडीतून काढून मुळे दाखवण्यास सांगावे. कुंडीच्या आकारात वाढलेली जिवंत मुळे असावीत. तुटलेली, एका मापात कापलेली मुळे हे उपटल्याचे लक्षण होय.
• पानांवर दगडफुलाचे डाग, किड्यांनी खाल्लेल्या जुन्या खुणा, वेड्यावाकड्या वयाची पाने असल्यास झाड जंगलातले असण्याचा संभव असतो.
• ‘ऊतिसंवर्धित’ असे सांगितल्यास कोणत्या प्रयोगशाळेत, कोणत्या पद्धतीने तयार केले ते विचारावे. बियांपासून बाटलीत वाढवलेले रोप आणि एका झाडापासून केलेली हुबेहूब रोपे यांत फरक आहे.
• विक्रेत्याच्या परवान्याची प्रत व झाडांच्या नावांसह पावती घ्यावी. पावती नसेल तर झाड घेऊ नये.

ऑर्किडविषयी अधिक शास्त्रीय माहितीसाठी सिक्कीममधील पाकयोंग येथे १९९६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्राकडे पत्रव्यवहार करता येईल.

थोडक्यात महत्त्वाचे

१) लेडीज स्लिपर हे एकरी उत्पादनाचे पीक नाही. डेंड्रोबियम किंवा अन्य फुलपिकाच्या जोडीला सावकाश वाढवायचे झाड म्हणून त्याकडे पाहावे. कर्ज काढून याची लागवड करू नये.

२) परवान्याची चौकशी, पाण्याची तपासणी आणि त्यानंतरच झाडांची खरेदी, हा क्रम मोडू नये.

३) प्रथम मॉडी गटातील वीस-पंचवीस झाडे घ्यावीत. एक उन्हाळा व एक पावसाळा ती आपल्या जाळीगृहात कशी राहतात याची नोंद ठेवावी. दगावलेल्या झाडाचीही तारीख, हवामान व पाण्याच्या पाळ्या लिहून ठेवाव्यात.

४) दुसऱ्या वर्षी नव्या फुटव्यांना फुले आली आणि मर दहात एकापेक्षा जास्त नसेल, तरच संख्या वाढवावी. तसे झाले नाही तर पाणी, सावली व माध्यम यांपैकी काय चुकते आहे ते आधी शोधावे आणि नोंदवही घेऊन जवळच्या कृषि विज्ञान केंद्रातील उद्यानविद्या तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.